टक्क्याच्या ओळी

मैनुद्दीन: बाई, आधी बसा. भांडायचंच असेल तर बसून भांडा, खुर्ची रिकामी आहे.

उल्का: बसायला नाही आले मी. सर्जेराव सरांच्या क्लासचं गणिताचं पुस्तक तुमच्याकडे छपाईला आलंय, असं तुम्ही फोनवर म्हणालात. दाखवा.

मैनुद्दीन: हे मुखपृष्ठ. वर त्यांचा फोटो, मधे त्यांचं नाव, खाली पुन्हा फोटो.

उल्का: आणि आत माझी नऊ वर्षं.

मैनुद्दीन: ते मला पहिल्याच दिवशी कळलं. सरांनी पेनड्राइव्ह आणून टेबलावर आपटला, म्हणाले, सगळं तयार आहे, फक्त छापा. उघडून बघतो तर साध्या मजकुराच्या फायली. ना रंग, ना चौकटी. तीस वर्षं मी शनिवार पेठेत प्रबंध जुळवतोय, गणितवाले असंच लिहितात हे मला ठाऊक आहे. आणि ओळीच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह टाकलं की ती ओळ फक्त लिहिणाऱ्यापुरती राहते, कागदावर उमटत नाही, हेही ठाऊक आहे. सरांना नसावं.

उल्का: त्यांना? त्यांनी माझी फाइल कधी उघडली असेल तर शपथ. प्रिंट काढून दिली की वरवर चाळायचे आणि म्हणायचे, बाई, जरा डिझाइन करा, ही वाण्याची यादी दिसते. मी म्हणायची, सर, ही यादी कुठल्याही संगणकावर उघडेल, मी मेल्यावरसुद्धा. ते हसायचे.

मैनुद्दीन: आता प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर टक्क्याची पहिली ओळ काय आहे, वाचू? 'उल्का शेंडकर', आणि पुढे तारीख. तेवीस प्रकरणं, तेवीस वेळा. म्हणून फोन केला. तुम्ही क्लास सोडलात की सोडवला?

उल्का: सोडवला. जूनमध्ये खराडीच्या नव्या ऑफिसात बोलावलं. खाली कॉफीचं दुकान, वर काचेची केबिन. पाणीसुद्धा न विचारता म्हणाले, आता सगळं ॲपवर जाणार, नवीन पोरं घेतलीत, तुमची टिपणं क्लासच्या संगणकावर आहेत म्हणजे क्लासची. मी म्हटलं, बरं, निदान अनुभवाचा दाखला द्या, दुसरीकडे दारात उभी तरी राहीन. तर म्हणाले, कसला अनुभव? वर्ग माझा, नाव माझं, तुम्ही नुसती टिपणं काढत होतात. नऊ वर्षांवर एक सही मागितली होती हो मी. ती नाही दिली.

मैनुद्दीन: आयत्या बिळावर नागोबा.

उल्का: नागोबा तरी बिळात राहतो. हे फोटो काढून घेतात. जूनपासून अकरा ठिकाणी गेले. सगळीकडे तोच प्रश्न, नऊ वर्षं कुठे होतात, कागद दाखवा. घरी आले की दार लावून रडायचे, मग उठून भांडी घासायचे. आता रडू येत नाही. आता फक्त त्यांचं तोंड पडलेलं बघायचंय मला, चारचौघांत.

मैनुद्दीन: मग बघायला फार लांब जायला नको. पान एकसष्ट वाचा.

उल्का: मला पाठ आहे. क्ष आणि य समान घ्या, दोन्ही बाजूंना क्ष वजा य ने भागा, उत्तर येतं एक बरोबर दोन.

मैनुद्दीन: आणि पान नव्वद? कोणताही त्रिकोण घ्या, तो समद्विभुजच असतो. बाई, मी दहावी नापास माणूस, पण मलाही घाम फुटला.

उल्का: तो शनिवारचा तास. दर शनिवारी मी फळ्यावर एक खोटी सिद्धता मांडायची, दिसायला अगदी खरी. पोरांनी चूक शोधायची. जो शोधेल त्याला चिक्की. 'चूक शोधा' हे शब्द आणि चूक कुठे आहे ते, दोन्ही टक्क्याच्या ओळीत लिहून ठेवायची, म्हणजे पोरांच्या हातातल्या कागदावर उमटायला नको. एका ठिकाणी शून्याने भागलंय. दुसरीकडे आकृतीत बिंदू आत काढलाय, तो खरा पडतो त्रिकोणाबाहेर.

मैनुद्दीन: म्हणजे ओळी न उमटता पुस्तक निघालं तर प्रत्येक प्रकरणात एक धडधडीत खोटं, वर सरांचा फोटो.

उल्का: छापा.

मैनुद्दीन: बाई.

उल्का: जसंच्या तसं छापा, मैनुद्दीनभाई. रविवारी प्रकाशन आहे. पहिल्या रांगेत प्राध्यापक मंडळी, मागे माझी जुनी पोरं. मच्छिंद्र तर दोन मिनिटांत उठून उभा राहील. सगळे त्रिकोण समद्विभुज! पुण्यात पुन्हा खडू हातात धरता येणार नाही त्यांना.

मैनुद्दीन: मच्छिंद्र उठेल, कारण तो तुमच्या हाताखालून गेलाय. पण ज्या पोराला उल्काबाई भेटल्याच नाहीत, ते पान एकसष्ट घोकून परीक्षेला जाईल. आणि पुस्तकाच्या शेवटी मुद्रक म्हणून नाव माझं आहे. माझ्या वडिलांचं आहे, खरं तर.

उल्का: मग मी काय करू? ओवाळू त्यांना?

मैनुद्दीन: मी दोन गठ्ठे काढून ठेवलेत. लाल दोऱ्याचा, सरांनी दिलं तसा. आणि हा पांढऱ्या दोऱ्याचा. यात ओळीच्या सुरुवातीचं टक्क्याचं चिन्ह काढून टाकलं, तर सगळं उमटलं. 'चूक शोधा', चूक कुठे ते, तारखा, तुमचं नाव. कुठलं पोर कुठे अडलं तेही. पुस्तक एकदम शहाणं झालं बघा.

उल्का: सगळं म्हणजे? चौदावं प्रकरणही?

मैनुद्दीन: ते वाचताना माझा चहा सांडला. 'आज सर वर्गात आले. अपूर्णांकांची बेरीज करताना वरचे अंक वर मिळवले, खालचे खाली. मुलं हसली. चूक फळ्यावर तशीच ठेवली, उद्याच्या धड्याला उपयोगी.' ती ओळ काढू का?

उल्का: एकही ओळ काढायची नाही. पण भाई, मला लालच हवाय. पांढऱ्यात पुस्तक चांगलं निघतं, आणि त्यांचं चांगलं व्हावं अशी माझी बिलकुल इच्छा नाही.

मैनुद्दीन: ठरवा तुम्ही. लेखकाने प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानावर सही केल्याशिवाय मी मशीन सुरू करत नाही, हा वडिलांपासूनचा नियम. सर सहीलाच येतायत. त्यांच्या हातात जो गठ्ठा जाईल, तो छापेन.

(सर्जेराव कानाला फोन लावून आत येतात, दारातच उल्काला पाहून थबकतात.)

सर्जेराव: मांडववाल्याला सांग, स्टेज मोठं पायजे... थांब जरा. अरे वा, बाई! आपण इकडं कुठं?

उल्का: लग्नपत्रिका बघायला आले होते. पुस्तकाबद्दल अभिनंदन, सर.

सर्जेराव: मनात धरू नका बाई. तुमची ती वाण्याची यादी पडूनच राहिली असती. तिचं पुस्तक केलं ते आम्ही. मैनुद्दीनभाई, आटपा लवकर, गाडी रस्त्यात उभी हाय.

मैनुद्दीन: तेवीस सह्या, सर. किती प्रती काढायच्या ते पक्कं झालं?

सर्जेराव: पाच हजार. आमच्या गावाकडं अन् आजूबाजूला दोनशे शाळा हायत, सगळीकडं फुकट वाटणार. तिथं गणिताला मास्तर न्हाई. पोरं या पुस्तकावरच शिकतील. पेपरात फोटो येईल तो वेगळा.

उल्का: दोनशे शाळा. मास्तर नसलेल्या.

सर्जेराव: समाजकार्य करावं लागतं, बाई.

मैनुद्दीन: बाई, गठ्ठे तुमच्याच हाताशी आहेत. सरांचा द्या त्यांना.

उल्का: देते. हा घ्या, सर. पांढऱ्या दोऱ्याचा.

सर्जेराव: कुठं करायची सही?

मैनुद्दीन: डोक्यावर पहिली ओळ आहे ना, तिच्या बरोबर खाली. तारीखही घाला.

उल्का: सर, एक सांगू? वाचल्याशिवाय सही करू नका. निदान एक पान तरी वाचा.

सर्जेराव: माझंच पुस्तक मी काय वाचायचं? अन् चष्मा गाडीत ऱ्हायलाय. हॅलो, हां, बोल रे... स्टेजच्या मागं बॅनर, अन् माझा फोटो डावीकडं नको, मधोमध घे... किती झाल्या?

मैनुद्दीन: तेरा. हे चौदावं.

उल्का: चौदावं जरा ठसठशीत करा, सर.

सर्जेराव: झालं. हां, ही तेविसावी, झालं सगळं. भाई, मुखपृष्ठावरचा फोटो थोडा मोठा करा. येतो. बाई, रविवारी या बरं का, मागं कुठंतरी खुर्ची मिळेल.

उल्का: येते की. तुम्ही बोलावलंत आणि मी आले नाही, असं कधी झालंय?

मैनुद्दीन: गेले. गाडीवाल्यांशी भांडतायत आता. बाई, तुम्ही त्यांना वाचा म्हणालात तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं.

उल्का: नऊ वर्षं ओळखते मी त्यांना. आणि उद्या कुणी म्हणायला नको, उल्काने फसवलं. मी सांगितलं, तुम्ही ऐकलंत.

मैनुद्दीन: ऐकलं. मग शेवटी पांढराच का दिलात? लाल म्हणत होतात.

उल्का: लाल दिला असता तर त्यांचं हसं झालं असतं. पण त्या दोनशे शाळांतल्या पोरांनी माझं काय वाकडं केलंय? चौदाव्या प्रकरणात त्यांचं हसं व्हायचं ते होईलच. पाच हजार वेळा होईल. मला पुरे तेवढं.

मैनुद्दीन: रविवारी मागे बसणार?

उल्का: छे. पुढे. त्यांचं तोंड नीट दिसेल अशी जागा बघणार.

मैनुद्दीन: सह्या असलेला गठ्ठा तिजोरीत ठेवतो. हवा असेल तर त्याची नक्कल काढून देऊ का तुम्हाला?

उल्का: द्या. पहिली ओळ, उल्का शेंडकर आणि तारीख, खाली त्यांची सही, एवढं स्वच्छ दिसू दे. सोमवारी बाराव्या ठिकाणी जायचंय. तिथे दाखला मागतील.