चाफा भिंतीबरोबर छाटला

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. चूक आपली आहे. कुणी पाहिलेली नाही. कुणाला कळणारही नाही. आणि त्या चुकीपायी उलट आपला सत्कार व्हायचाय — शाल, नारळ, टाळ्या! तर चूक सांगायची, की नारळ घ्यायचा?

बघा, पुढच्या रांगेतले खाली बघायला लागले! घाई नाही. विचार करा, तोवर मी गोष्ट सांगतो.

हल्ली पेपर उघडला की काय दिसतं? संशोधन! सोमवारी छापून येतं, चहा हृदयाला चांगला. आमचे पेटीवाले अण्णा खूश — दोन कप जादा! गुरुवारी दुसरं संशोधन येतं, चहा वाईट. अण्णांचं तोंड एवढंसं! मग लोक मला विचारतात, बुवा, हे शास्त्रज्ञ रोज शब्द फिरवतात, यांच्यावर विश्वास ठेवायचा कसा? अहो, औषध असो, फुलपाखराचा पंख असो, नाहीतर आभाळातला पाऊस असो — ‘काल मी चुकलो’ असं चारचौघांत म्हणणारी माणसं जिथं आहेत, तिथं विश्वास ठेवायचा नाही तर कुठं ठेवायचा? अशाच एका बाईचं हे आख्यान.

घाटाखालचं आंबेखिंड गाव. तिथं केशव गुरुजी शाळा शिकवायचे, आणि मथुराबाई त्यांचं कुटुंब. लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून तिनं एक सोनचाफ्याचं रोप आणलं. गुरुजींनी ते अंगणात, पश्चिमेच्या भिंतीला लावलं. काय दिवस होते ते! दारं उघडी असायची, आणि कुणाच्या घरी काय शिजतंय ते अख्ख्या आळीला ठाऊक असायचं.

पुढं सरकारी माणूस आला. गुरुजींच्या अंगणात पावसाचं भांडं बसवलं — रोज सकाळी साडेआठला पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं. जाताना म्हणाला, “गुरुजी, झाड तेवढं काढा. पाऊस अडवेल.”

मथुराबाई झाडापुढं येऊन उभी राहिली! गुरुजींनी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, “काढत नाही. पण भिंतीच्या वर जाऊ देणार नाही. शब्द आहे माझा.”

आणि शब्द पाळला! दर वैशाखात गुरुजी कोयता घेऊन झाडावर. खाली मथुराबाई कमरेवर हात ठेवून —

“अहो, कळ्या होत्या त्याला!”

“पाऊस आधी, फुलं मग.”

“पावसाशीच लग्न करायचं होतं की!”

“विचारलं होतं. तो आठ महिने माहेरी असतो म्हणाला!”

एकोणीस वर्षं हेच भांडण! मंडळी, तुमच्या घरी असं एखादं ठरलेलं भांडण असेल तर जपून ठेवा. समोरचं माणूस गेल्यावर त्याची किंमत कळते.

गुरुजी गेले. विसाव्या वर्षी वैशाख आला. मथुराबाईनं कोयता हातात घेतला, झाडाखाली उभी राहिली. वर बघितलं. आता ‘कळ्या होत्या हो’ म्हणायचं कुणाला? कोयता खाली ठेवला, पदर डोळ्यांना लावला आणि घरात गेली. झालं! झाड सुटलं. पहिल्यांदाच मनासारखं फुललं. आळीतल्या पोरीबाळींच्या वेण्यांत मथुराबाईचा चाफा! आणि पाऊस? तो रोज मोजत होती. लेकीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा साडेआठला बाई भांड्यापाशी! अकरा वर्षांत एक दिवस चुकला नाही.

मग एका श्रावणात पुण्याहून कल्याणी आली. पावसावर संशोधन करणारी, डॉक्टर कल्याणी. डॉक्टर म्हटल्यावर आळीतल्या चार म्हाताऱ्या गुडघे दाखवायला आल्या! ती बिचारी म्हणते, “आजी, मी पावसाची डॉक्टर आहे.” म्हाताऱ्या म्हणतात, “मग पावसात दुखतात तेच बघ!”

कल्याणीनं वह्यांच्या नकला आधीच मागवून, दोन वर्षं राबून गुरुजींचे आणि मथुराबाईचे आकडे उतरवून घेतले होते. तिनं मथुराबाईपुढं कागद पसरला. त्यावर एक रेघ. एकोणीस वर्षं सरळ चाललेली, मग उतरणीला लागलेली.

“काकू, तुमच्या गावचा पाऊस चौथ्या हिश्श्यानं घटलाय. आजवर कुणी हे दाखवलेलं नाही. परदेशात छापून येईल, गुरुजींच्या नावासकट! पुण्यात तुमचा सत्कार करायचा ठरलाय. रविवारी फोटो काढायला येते.”

“घटला? अगं, ओढा तर दरसाल पुलावरनं जातो.”

“आकडे तुमचेच आहेत, काकू.”

गुरुजींचं नाव परदेशात! मथुराबाईला रडूच आलं. दुसऱ्या दिवशी फोटोसाठी गुरुजींची चांगल्या अक्षरातली पानं शोधायला तिनं जुन्या वह्या काढल्या. पानाच्या अगदी कडेला एक रकाना होता — शेरा. कल्याणीनं आकडे उतरवले होते, शेरे सोडून दिले होते. त्या रकान्यात, दर वैशाखात, एकच ओळ: ‘चाफा भिंतीबरोबर छाटला.’ एकोणीस वेळा! विसाव्या वर्षी रकाना कोरा. आणि कागदावरची रेघ — बरोबर तिथूनच खाली!

बाईनं खिडकीतून बघितलं. चाफा कौलांच्या वर गेला होता. आमच्याकडचा पाऊस पश्चिमेचा, तिरका. भांड्यात पडायच्या आधी झाडच तो झेलत होतं.

आता सांगा, ती गप्प बसली असती तर कोण विचारणार होतं? नवऱ्याचं नाव, स्वतःचा सत्कार, आणि चाफा — सगळंच वाचत होतं!

पण गुरुजींच्या घरची ती! बिस्किटांचा गोल डबा घेतला, उघड्या अंगणात मधोमध ठेवला. लेकीची शाळेतली फूटपट्टी काढली. चार दिवस रोज साडेआठला दोन्हीकडचं पाणी मोजलं. डब्यात एकसष्ट मिलिमीटर, भांड्यात सेहेचाळीस. मंडळी, हे संशोधन नाही तर काय?

रविवारी कल्याणी फोटोवाल्याला घेऊन आली. मथुराबाई उंबऱ्यात उभी, हातात वही.

“पोरी, पाऊस घटला नाही. मी झाकला. यांनी शब्द दिला होता, मी मोडला.”

कल्याणीनं शेरे वाचले, डबा बघितला. दोन वर्षांची मेहनत पाण्यात! चिडून म्हणाली, “काय गरज होती हो काकू? कुणाला कळलं असतं?”

“मला कळलंय की.”

एवढंच बोलली, आणि कोयता घेऊन निघाली चाफ्याकडं. डोळ्यांतून घळाघळा पाणी! पहिली फांदी डाव्या हातानं धरली, कोयता उचलला — आणि मागून कल्याणी ओरडली, “काकू, थांबा! तोडू नका!”

“आता कशाला ठेवायचा?”

“अहो, हा चाफा किती पाऊस अडवतो ते मोजायला नको? हाच तोडला तर मोजणार कसं? भांडं इथंच राहू दे. दुसरं उघड्यावर लावू. पाच पावसाळे दोन्ही मोजा. झाड कधी किती उंच होतं ते जुन्या फोटोंवरनं काढते. गेली अकरा वर्षं दुरुस्त करता येतील!”

झाड जाईल या भीतीनं मथुराबाई सांगायला चार दिवस कचरली असेल-नसेल, आणि सांगितलं म्हणूनच तर झाडाला पाच वर्षं मिळाली!

पाच पावसाळे दोन भांडी मोजली. हिशेब लागला: पाऊस होता तेवढाच आहे. आता ‘पाऊस होता तेवढाच आहे’ म्हटल्यावर सत्कार कोण करणार? शाल नाही, नारळ नाही! एका मासिकात चार पानं छापून आली. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ: ‘ही चूक नोंद ठेवणाऱ्या मथुराबाईंनी स्वतः शोधली आणि कळवली.’

मग सहावा वैशाख आला. मोजून झालं होतं. मथुराबाईनं पदर खोचला, शिडी लावली, आणि गुरुजी छाटायचे तिथवर, भिंतीबरोबर, चाफा छाटला. खाली पडलेल्या कळ्या ओंजळीत भरल्या. म्हणाली, “अहो, कळ्या होत्या हो त्याला.” मग हात धुतले, वही उघडली, आणि सतरा वर्षांनी त्या कोऱ्या रकान्यात लिहिलं: ‘चाफा भिंतीबरोबर छाटला.’

मंडळी, आकडे आपण सगळेच लिहितो. मी किती देवळं केली, किती लोकांना जेवू घातलं, किती मोठा झालो. पण कडेचा रकाना? कुणाला दिलेला शब्द आपण कुठल्या वर्षी सोडला, आणि कुठलं झाड तेव्हापासून आपल्या अंगणावर वाढतंय — लिहिलंय कुणी? आणि तुम्हालाच विचारतो असं समजू नका, माझाही रकाना कोराच आहे.

आता उचला टाळ. नाम घेताना डोळे मिटा आणि आपापली वही एकदा उघडून बघा. विठ्ठल, विठ्ठल!