पाळण्यातला पेंढा

भागीरथी: ...आन् मी तिसऱ्यांदा सांगतंय, त्या कोंबडीला आताच्या आता उचला.

राघो: अगो, उचलू कशी? अंड्यांवर बसलीय ती. पाटावर बसलेली पाहुणी नाय, ‘उठा बाई’ म्हटलं नि उठली.

भागीरथी: आन् येतेय ती कोण हाये? भावनाला घेऊन टोकावड्यावरनं रिक्षा निघाली, आपल्या मितेशचा फोन येऊन गेला. सरळगाव कवाच मागं पडलं असल. सातवा सरत आलाय पोरीला. बाळंतपणाला माहेरी येतेय. पडवीत पाय ठेवल आन् पयलं काय बघल? तिच्या पाळण्यात काळी कोंबडी!

राघो: आज-उद्यावर आलंय तिचं. अंडं कानाशी धरलं तर आत टोच टोच ऐकू येते.

भागीरथी: अंड्यातलं ऐकू येतं तुमाला. माझं सकाळपासनं ऐकू येत नाय.

राघो: ऐकलं म्हणून तर जागा केली ना तिला. ही बग कूलरची पेटी. मोटर जळली तवा तू भंगारवाल्याला द्यायला निघालीस. आता आडवी पाडली, आत पोतं टाकलं, तिन्ही बाजूंनी जाळी, मांजर शिरायची नाय. महाल हाये महाल.

भागीरथी: मंग गेली का राणी महालात?

राघो: सकाळी ठेवली व्हती, अंड्यांसकट. तिनं अंड्यांकडं बघितलं पण नाय. उठली नि परत पाळण्यात येऊन बसली, मोकळ्या पेंढ्यावर. अंडी गार पडाया लागली. शेवटी मीच परत आणून पोटाखाली सरकवली. हाताला चोच मारली ती येगळीच.

भागीरथी: बरं केलं तिनं. तुमची खोडच ही. या घरात एक वस्तू आपल्या कामाला हाये काय? वॉशिंग मशीनच्या ड्रमात मी भाकऱ्या भाजतंय. पंख्याच्या जाळीवर सुकट वाळतेय. पाण्याची टाकी फाडून म्हशीला गव्हाण केलीत. देवांना पण सोडलं नाय, टीव्हीच्या खोक्यात बशिवलेत.

राघो: काच काढलीय ना. देव किती नीट दिसतात.

भागीरथी: लोक हसतात.

राघो: हसतात, नि मंग हळूच येऊन इचारतात. शेजारची हिराबाई कालच बोलली, भाऊ, मला पण एक ड्रमची शेगडी करून द्या. तुझ्या भाकऱ्या बघून बोलली.

भागीरथी: माझ्या भाकऱ्यांचं कौतुक आता नको. शेगडी मी चालवून घेतली, देवांचं चालवून घेतलं. ड्रम काय, ड्रमच हाये. पण पाळणा तो पाळणा. सासऱ्यांनी सागाचा करून घेतला, सुताराच्या मागं पंधरवडा बसून. मितेश त्यात झोपला, भावना त्यात झोपली. त्या कड्यांना मी माझ्या हातानं खोबरेल लावलंय, पोरांची झोप मोडायला नको म्हणून. आन् तुमी त्यात पेंढा घातलात. कोंबडीसाठी.

राघो: मी नाय घातला.

भागीरथी: मंग कोंबडीनं डोक्यावर पेंडी वाहून आणली?

राघो: मी नाय घातला, सांगतो ना.

भागीरथी: खरं सांगा. मी भांडत नाय. दोनदा दिवस राहिले पोरीला, दोनदा गेले. तुमची आशाच संपली, नाय का? मनात म्हटलंत, आता या पाळण्याला काय काम, निदान कोंबड्या तरी बसतील.

राघो: आशा थोडी संपली व्हती. खोटं कशाला बोलू. दुसऱ्या येळेला दवाखान्यातनं आली तवा तिचं तोंड माझ्यानं बघवलं नाय. पण पेंढा मी नाय घातला, भागे. पेंढा दिसला तवा मला वाटलं, तू घातलास.

भागीरथी: मी?

राघो: म्हटलं, आईची आशा संपली. तिथं आपण कोण बोलणारे? म्हणून गप राहिलो. पाळण्याचं नावच काढलं नाय.

भागीरथी: अवो, मी कशापाय घालू? मी लावणीवरनं आले नि बघते तर पाळण्यात पेंढा. मला वाटलं, तुमी. लई राग आला. मंग वाटलं, बाप हाये, त्याला पण दुखत असल, त्याचं तो असं करतोय. म्हणून मी पण गप. वरनं रोज त्यातली अंडी उचलून आणत व्हते. पोळी करून घातलीय तुमाला.

राघो: मी खाल्लीय.

भागीरथी: रोज अंडी उचलायची, नि रोज मनात बोलायचे, कसला हा बाप.

राघो: नि मी खायचो, नि मनात बोलायचो, कशी ही आई.

भागीरथी: मंग घातला कोणी? मितेशनं?

राघो: मितेश घरात इकडची काडी तिकडं करत नाय. तो पेंडी उचलल?

भागीरथी: बरं, ते मागनं बघू. आता झाका आधी. पोरीला दिसायला नको. तिला वाटल, आपल्या आईबापानं आपल्यावर पाणी सोडलं.

राघो: झाकू कशानं? गोधडी टाकली तर जीव घुसमटल तिचा.

भागीरथी: पेंढ्याच्या उडवीवरचा फ्लेक्स काढा.

राघो: तो पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा? एवढं मोठं तोंड पडवीत? पोरगी दचकल.

भागीरथी: उलटा टाका. पांढरी बाजू वर. आन् खालनं फट ठेवा वाऱ्याला. हां, असा. कोपरा खोचा. कोंबडीला सांगा गप बसायला.

राघो: ती माझं कवा ऐकते? तू सांग.

(दाराशी रिक्षा थांबते.)

भावना: आये! कुठं आहेस?

भागीरथी: आली गो बाय माझी! थांब, थांब, तिथंच थांब. पायरी चढू नको. भाकरतुकडा ओवाळून टाकते. ...हां, ये आता. उजवा पाय. सावकाश.

राघो: पिशवी दे इकडं. मितेश कुठं राहिला?

भावना: नाक्यावर उतरला. दूध घेऊन येतो बोलला. रिक्षावाला काय बाबा, किन्हवलीपासून एक खड्डा सोडला नाय त्यानं. मी आपली पोट धरून बसले.

भागीरथी: आत चल. आतल्या खोलीत पंखा लावून ठेवलाय, गादी घातलीय.

भावना: आत नको गो. पत्र्याखाली उकडतंय. मी पडवीतच टेकते. मागच्या वेळेला पण इथंच होते की.

भागीरथी: पडवीत माश्या हायेत.

भावना: माश्या कुठं नसतात? बाबा, खाट दे इकडं. आणि हे फ्लेक्सखाली काय झाकलंस?

राघो: सामान हाये.

भावना: कसलं?

राघो: असंच. भंगारातलं. कूलर, बिलर.

भावना: तुझा कूलर क्लॉक क्लॉक करतोय, बाबा.

भागीरथी: मी सांगितलं व्हतं तिला गप बसायला सांगा म्हणून!

भावना: कोणाला?

राघो: भावना, बाय, तू आधी खाली बस. पाणी पी. माझं ऐक. तुझ्या आईची यात काय चूक नाय. तुला माझी खोड म्हाईत हाये. वस्तू मोकळी दिसली की माझा हात गप बसत नाय. पाळणा रिकामा टांगलेला व्हता, मीच पेंढा घातला. मनात काय व्हतं असं नाय. चुकलं माझं.

भागीरथी: खोटं बोलतायत गो ते. त्यांनी नाय घातला. मीच घातला. मला वाटलं, पोरीचं काय खरं नाय, देवाच्या मनात नाय. पाप आलं माझ्या मनात. तू मला बोल, बाबाला बोलू नको.

राघो: तू कशापाय अंगावर घेतेस?

भागीरथी: तुमी घेताय ते?

भावना: ए, तुमी दोघं काय लावलंय हे? तुमच्यातल्या कोणी नाय घातला. पेंढा मी घातला.

भागीरथी: तू?

भावना: मीच. आखाडात. मी दवाखान्यातनं इकडं आले होते ना, तेव्हा. तुमी दोघं सकाळी लावणीला जायचा, मी इथं खाटेवर पडलेली. पत्रे टाकले तेव्हा बाबानं पाळणा आतनं काढून या वाशाला टांगला होता, आठवतंय?

राघो: आत ठेवायला आढंच राहिलं नव्हतं. पडवीत सुका राहील म्हटलं.

भावना: सुका राहिला, पण हलायला लागला. वारा सुटला की हलायचा. कुर्र, कुर्र. दिवसभर. घरात कोणी नाय, आणि तो आपला हलतोय, रिकामा. सासूबाई बोलतात रिकामा पाळणा कधी हलवू नये. मी तर हातपण लावला नव्हता. वाऱ्याला कसं सांगणार?

भागीरथी: अगो माझे बाय...

भावना: दोन दिवस कान दाबून पडले. दोरीनं बांधू म्हटलं, तर वर हात पोचेना, आणि डॉक्टरनी हात वर करायला मना केलं होतं. मग उठले, कुडाजवळ पेंढा होता, त्यातली एक पेंडी सोडून आत घातली. आणखी एक घातली. जड झाला. थांबला.

राघो: मला एक हाक मारायचीस. मी खाली उतरवला असता.

भावना: काय हाक मारणार, बाबा? शेतात येऊन काय सांगू, पाळणा हलतोय? आये तिथंच चिखलात बसून रडली असती. मग लावणी कोणी केली असती?

भागीरथी: रडले असते तर रडले असते. भात काय, आज नाय तर उद्या लागला असता.

भावना: तेव्हा नाय सुचलं.

राघो: आन् कोंबडी?

भावना: ती तिची तिची आली. दुपारी जाग आली तर ही काळी आत बसलेली. मी जवळ गेले तरी उठली नाय, नुसती बघत राहिली. संध्याकाळी तिनं अंडं घातलं. मी हातात घेतलं, गरम होतं. आये, मला इतकं बरं वाटलं ना तेव्हा. दवाखान्यातनं आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं. मी ते अंडं पोटाशी धरून बसले, तुमी येईस्तोवर.

भागीरथी: आन् आमाला कधी बोलली नायस.

भावना: मला वाटलं तुमाला कळलं असेल. दिवाळीला आले, तरी पेंढा तसाच. संक्रांतीला मितेशला फोनवर विचारलं, काळी पाळण्यात बसते काय? तो बोलला, बसते, आईबाबा कोणी तिला उठवत नाय. मी म्हटलं, मी घातला हे बघूनच पेंढा ठेवलाय त्यांनी. मला बोलून नाय दाखवत, पण ठेवलाय.

राघो: आमी काय...

भागीरथी: हां गो. तुझं बघूनच ठेवला.

राघो: भागे.

भागीरथी: गप बसा तुमी. फ्लेक्स काढा आधी त्या बिचारीवरचा, घामाघूम झाली असल.

भावना: अय्या, हा कोण? बाबा, आतल्या बाजूला कोणाचा फोटो हा? ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’! तिच्या तोंडावर शुभेच्छा टांगल्या होत्यास?

राघो: पोरांचा वाढदिवस हाये ना तिच्या, आज-उद्या.

भावना: हसवू नको, पोटात दुखतं.

भागीरथी: दुखतं? कुठं? खाली दुखतं काय?

भावना: नाय गो, हसून. टेन्शन नको घेऊ. हा बघ, इकडं हात लाव. लाथ मारतोय. रिक्षात झोपला होता, कोंबडीचा आवाज आला नि उठला.

भागीरथी: ...हाये गो. जोरात हाये.

भावना: बाबा, तू पण लाव ना हात.

राघो: माझे हात खडबडीत हायेत. सकाळपासनं पत्रा कापतोय.

भावना: लाव रे.

राघो: (हात पुसून तिच्या पोटावर ठेवतो.) अगो!

भागीरथी: काय? लागलं काय हाताला?

राघो: टोच टोच.

भागीरथी: बघा, रडतायत. घरातल्या सगळ्या भंगाराला जीव लावणारा माणूस.

राघो: डोळ्यात लोखंडाचा कीस गेलाय. बरं भावना, मी काय बोलतो, पिल्लं उतरली की पाळणा खाली घेतो. कडुनिंबाचा पाला घालून कढत पाण्यानं धुतो, चांगला उन्हात टाकतो. एक पट्टी ढिली झालीय, ती बदलतो. जुनी खुर्ची हाये ना सागाची, तिची काढतो. कड्यांना तेल तुझी आई लावल. वास पण राहायचा नाय कोंबडीचा.

भावना: धू. पट्टी पण बदल. पण बाबा, धुऊन सुकला की रिकामा नको टांगू.

भागीरथी: अजून दोन महिने हायेत गो. तवर?

भावना: तवर काहीतरी असूदे त्यात. मी दवाखान्यातनं घरी येईपर्यंत.

भागीरथी: मंग कांदे ठेवू. यंदाचे कांदे कुठं ठेवायचे हा प्रश्नच व्हता.

राघो: कांदे नको. ती तांबडी हाये ना, चार दिवस कुडाला अंग घासत फिरतेय, खुडूक झालीय, अंडी उबवायला जागा शोधतेय. कूलरमधी तर ती पण बसायची नाय. तिला पाळण्यात बशिवतो.