बिनगाण्याची रोवणी

आदरणीय अध्यक्ष वामनराव, व्यासपीठावरचे मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती उर्वशी, आणि हातची कामं टाकून मूल गावच्या या सभागृहात आलेल्या माझ्या बायांनो, भावांनो,

मी सत्यशीला, निवृत्त शिक्षिका. माझा आणि नाचाचा संबंध एवढाच, की सहा वर्षं उर्वशीची तालीम माझ्या अंगणात चालली. मघापासून प्रत्येक वक्ता सांगतोय, उर्वशी नागपूरला मोठ्या कामावर चालली, आनंदाची गोष्ट आहे. मोठं काम म्हणजे काय, तर लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाच्या मावश्यांना नाच शिकवायचा. ज्यांना आनंद होतो त्यांना होवो बापड्यांना, मला होत नाही.

नागभीडची ही पोरगी बंगलोरला नृत्य शिकली आणि परत आली ती आपल्या बायांची रोवणी बघायला. बांधीच्या चिखलात वाकलेली बाई धान रोवत मागं मागं सरकते, हे आपण जन्मभर पाहिलं. कधी नाच म्हणून पाहिलं का? हिनं पाहिलं. कमळाबाईंसारख्या, रोवणीच्या मजुरीला जाणाऱ्या पाच बाया जमवल्या आणि त्यांच्याकडून नाच बसवून घेतला. गाणं नाही, वाजा नाही. नुसता पायांचा आणि श्वासाचा आवाज. आधी मला वाटलं, ही काय भानगड! मग एका संध्याकाळी बघता बघता मला माझ्या आईची कंबर आठवली आणि रडूच आलं.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, रात्रीच्या नाटकाच्या आधी, या नाचाला वेळ मिळाला. पडदा उघडला, बाया वाकल्या, आणि सगळं चिडीचूप. साउंडवर होते आपले राजदीपभाऊ. आजचा हा माईकही त्यांचाच. त्यांना वाटलं, मशीन बंद पडलं, आता पब्लिक खुर्च्या फेकते. बिचाऱ्यांनी हाताला लागलं ते गाणं लावून दिलं. बाया गोंधळल्या, मग पाय आपोआप तालावर पडू लागले. शिट्ट्या काय, वन्स मोअर काय! मंडईतलं स्टेज मुकं राहिलं तर आपल्या झाडीपट्टीत दुसरं कोणाच्या मनात तरी काय येणार? राजदीपभाऊ, तुमच्यावर राग नाही.

त्यानंतर गावोगावून बोलावणी आली, पण 'तो गाण्यावाला' नाच पाहिजे म्हणून. उर्वशी नाही म्हणाली. तेव्हा कमळाबाई माझ्या अंगणात तिला म्हणाल्या, "मॅडम, गाणं असलं का लोक गाणं आयकतेत. नसलं का आमच्या आंगाकडंच पाह्यतेत. लाज वाटते आमाले."

"तेच तं पाहू द्याचं होतं ना, बाई," उर्वशी म्हणाली.

कमळाबाईंचं चुकलं, असं म्हणायची माझी छाती नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांच्यासाठी कोणी टाळी वाजवली होती. पाचही जणी गाण्यावाल्या नाचात गेल्या. आज थोड्या वेळानं, उर्वशीच्या सन्मानार्थ, त्या तोच नाच इथं सादर करणार आहेत.

मघाशी कोणीतरी म्हणालं, उर्वशीताईंचं कार्य आम्ही पुढं नेऊ. कोण नेणार? तो नाच कुठं लिहिलेला नाही. तो पाच बायांच्या अंगात होता, त्यांच्या अंगातून गेला. मला वाटलं होतं, निदान हिच्या अंगात तरी राहील.

काल ती भेटायला आली तेव्हा मी म्हटलं, "मले एकदा दाखवून जा, एकटीच कर." ती अंगणात वाकली. जराशी मागं सरकली आणि सरळ उभी झाली.

"नाई होत, बाई," म्हणाली. "वाकली का आता मलेच ते गाणं आयकू येते."

मी तिला चहा दिला. दुसरं काय देणार होते?

मंडळानं मला बोलू दिलं, मी आभारी आहे. निरोपाच्या सभेत असं बोलू नये, हे मला कळतं. माझ्या वयाकडं पाहून सभेनं सांभाळून घ्यावं. उर्वशी, तुझ्याकडं मात्र मी माफी मागत नाही. मागितली तर तू देऊन टाकशील, आणि आम्ही सगळे मोकळे होऊ.