मंगळवारची वहिवाट

दादा : नकाशाला मुंग्या लागल्यात का?

मोजणीदार : ठिपके आहेत ते, भाऊ. एक ठिपका म्हणजे एक फोन. झऱ्याच्या आसपास आला की उमटतो. निळे पलीकडच्या गावाचे, तांबडे तुमच्या गावाचे.

दादा : तांबडे कुठायत?

मोजणीदार : हे काय. ही एक ओळ.

दादा : दोनशे घरांचं गाव आहे आमचं. सगळं गाव त्या झऱ्याचं पाणी पितं. झऱ्याजवळच माझ्या तीस मधपेट्या आहेत, दिवसातून दोनदा टेकडी चढतो मी. आणि आमची मेली एक ओळ?

मोजणीदार : नकाशा माझा नाही, सीमा आयोगाचा आहे. मी सोमवारी खांब रोवायला येणारा माणूस. दोन्ही सरकारांनी लिहून दिलंय, की टेकडीवर ज्यांची वहिवाट त्यांची टेकडी. आणि वहिवाट मोजायची फोनवरून. तुमच्या फोनात ते हवामानाचं ॲप असतं ना, पाऊस कधी येणार ते सांगणारं? त्याच्या पाच वर्षांच्या नोंदी आयोगानं विकत घेतल्या.

धाकटी : विकत घेतल्या. ऐकलंस ना, दादा?

दादा : तू जरा गप्प बसतेस का? तुझ्यामुळेच झालंय सगळं. सहा वर्षांपूर्वी सुट्टीला आलीस आणि अख्ख्या गावाला शाळेत बसवून शहाणपण शिकवलंस. काय म्हणालीस? पाऊस सांगायला त्याला तुमचा पत्ता कशाला हवा. एकेकाचा फोन हातात घेऊन ते बंद केलंस.

धाकटी : लोकेशन. हो, मीच बंद केलं. अशाच कंपनीत नोकरी करत होते मी, आत काय चालतं ते या डोळ्यांनी पाहिलं होतं. लोकांच्या येण्याजाण्याचा बाजार मांडलाय म्हटलं तेव्हा सगळे हसले. आता बाजारातून आलेला कागद समोर आहे. मी एक शब्द तरी खोटा बोलले होते का?

दादा : खोटं बोलली असतीस तर परवडलं असतं. खरं बोलून झरा घालवलास.

धाकटी : मी घालवला? हे निळे बघ. रोज संध्याकाळी पाच वाजता, सगळे एकदम, एका रांगेत. पाण्याला कोणी असं कवायतीनं जातं का? त्यांना आधीच कळलं होतं काय मोजणार ते. फोन हातात देऊन पाठवलीत माणसं.

मोजणीदार : असेलही, ताई. पण अहवालात त्याला रकाना नाही.

दादा : मग ही एक ओळ कुणाची? सगळ्यांचे फोन बंद केले होतेस ना?

धाकटी : एक सोडून. आईनं हात लावू दिला नाही. म्हणाली, माझ्यात बघण्यासारखं काय उरलंय, बघायचं तर बघू दे मेल्यांना.

दादा : ही आई आहे?

मोजणीदार : अहवालात नाव नाही. एवढंच आहे, की तांबडा, क्रमांक एक. एकच व्यक्ती. गेल्या अकरा नोव्हेंबरपासून वापर बंद.

धाकटी : अकरालाच तिला दवाखान्यात हलवलं. परत आलीच नाही ती.

दादा : वापर बंद. छान लिहितात तुमचे लोक.

मोजणीदार : म्हणूनच आलोय, भाऊ. मला कोणी पाठवलेलं नाही. आज चार वाजेपर्यंत हरकत घेता येते. कलम नऊ आहे. घरच्यांनी सही करून सांगितलं, की ही ओळ आमच्या माणसाची, तर ती एकटीची न धरता घराण्याची वहिवाट धरतात. पाच वर्षं, रोजची. एवढ्यावर झरा अलीकडे राहतो. मी दोनदा वाचून खात्री केली. तुमच्या आईंच्या हातचा चहा दहा वर्षं प्यालोय मी.

दादा : मग इतका वेळ काय गोष्टी सांगत बसलात? पेन दे गं.

धाकटी : थांब जरा. सही केली की काय उघडतं?

मोजणीदार : पूर्ण ओळ.

धाकटी : पूर्णच तर दिसतेय. घरापासून झऱ्यापर्यंत.

मोजणीदार : नकाशा तिथे कापलाय, ताई. ओळ नाही. आता जे दाखवतोय ते मी दाखवलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा.

(तो पिशवीच्या तळातून घडी घातलेला दुसरा कागद काढून टेबलावर पसरतो. तिघं वाकून पाहतात.)

धाकटी : ही पुढे जातेय. खिंडीतून खाली.

मोजणीदार : फक्त मंगळवारी. दर मंगळवारी. पलीकडच्या गावातल्या शेवटच्या घरात दोन तास, मग परत.

दादा : मशीन चुकलं असेल. चौदा वर्षं झाली ती वाट बंद होऊन. पलीकडे पाऊल टाकलं तर तुरुंग आहे. आणि आईचा गुडघा तुम्हाला माहितेय, झऱ्यापर्यंत कशीबशी चढायची, जिना उतरताना माझा हात लागायचा तिला.

धाकटी : शेवटचं घर मावशीचं आहे, दादा.

दादा : कुणाचं आहे ते मला सांगू नकोस.

धाकटी : त्या घराचं नाव काढलंस तर भरल्या ताटावरून उठेन म्हणाला होतास आईला. उठलाही होतास.

दादा : त्यांच्या माणसांनी माझ्या पेट्या जाळल्या होत्या. सगळ्या. माश्यांसकट.

धाकटी : मावशीनं नव्हत्या जाळल्या.

दादा : मधाची बरणी.

धाकटी : काय?

दादा : कोठीत दर आठवड्याला एक बरणी कमी भरायची. मी पेट्यांच्या राखणदाराला धरलं. चार माणसांसमोर चोर म्हटलं त्याला, कोठीला कुलूप घातलं. तो बायकोमुलांना घेऊन गाव सोडून गेला. आई तिथेच उभी होती. पदर तोंडाला लावून. मला वाटलं, त्याची दया येतेय तिला.

धाकटी : आणि कुलूप घातल्यावर?

दादा : किल्ली मागायची माझ्याकडे. झाडून घेते म्हणायची. मी द्यायचो.

मोजणीदार : भाऊ, पुढचंही सांगायला हवं. सही झाली की ओळीला नाव लागतं. नाव लागलं की हे पान दोन्ही सरकारांकडे जातं. आईंना आता कोणी काही करू शकत नाही. पण बंद वाटेनं आलेल्या माणसाला घरात घेतलं, तर तिकडे सात वर्षांची शिक्षा आहे.

धाकटी : मावशी ऐंशीला टेकलीय.

मोजणीदार : तिच्या मुलालाही लागू होतं. घर त्याच्या नावावर आहे.

धाकटी : पण हे सगळं आधीच त्यांच्याकडे आहे ना? मग आमची सही कशाला? ओळ रात्री कुठल्या घरात झोपते एवढं पाहिलं की नाव निघतं. मला पाच मिनिटं लागतील.

मोजणीदार : त्यांनाही तेवढीच लागतील, गरज पडली तर. आज ती एक मेलेली तांबडी ओळ आहे, तिच्याकडे कोणाचं लक्ष नाही. तुम्ही तिच्यावर हक्क सांगितलात, की पलीकडचे ती खोडायला बसतील. मग एकेक पाऊल तपासतील.

दादा : आणि नाही सांगितला, तर सोमवारी तुम्ही खांब रोवणार.

मोजणीदार : झऱ्याच्या अलीकडे. पंधरा पावलं.

दादा : गावानं प्यायचं काय?

मोजणीदार : टँकरची तरतूद आहे असं लिहिलंय.

दादा : लिहिलंय. तुमच्याकडे सगळं लिहिलेलं असतं. आमच्या दोनशे घरांचे पाय तेवढे नाहीत. आणि गावाला काय सांगू मी? सही करता येत होती, केली नाही, का ते विचारू नका?

धाकटी : माझं नाव सांग.

दादा : म्हणजे?

धाकटी : सांग, की हिनं सगळ्यांचे फोन बंद केले म्हणून झरा गेला. त्यांना ते लगेच पटेल. आणि ते खोटंही नाही.

दादा : सहीचं कलम लपवून ठेवून तेवढंच सांगायचं, म्हणजे खोटंच की. तुला या गावात कोणी उभं करणार नाही.

धाकटी : माहितेय.

दादा : लाज वाटते मला. आधी राखणदार, आता तू. माझ्या घरातली गोष्ट झाकायला दर वेळी दुसऱ्यालाच चोर करायचं.

धाकटी : तुझ्यासाठी नाही करत मी हे. मला तुझा राग आहे, तो राहणारच आहे. आईला चोरून जावं लागलं, ते काही त्या ॲपमुळे नाही झालं. तिला तुझ्यापासून लपवायचं होतं, सरकारपासून नाही.

मोजणीदार : पावणेचार झाले, भाऊ.

दादा : कागद कोराच घेऊन जा. हे दुसरं पानही न्या. जाळा ते.

मोजणीदार : मी माझी प्रत जाळेन. त्यांची त्यांच्याकडे राहील.

दादा : राहू दे. पेट्या कधीपर्यंत उतरवायच्या?

मोजणीदार : रविवारी संध्याकाळपर्यंत. मी दोन माणसं देतो.

दादा : एक सांगा. वाटेत कुठे थांबायची का ती? गुडघा दुखत असणार.

मोजणीदार : थांबायच्या ना. या इथे, झऱ्याच्या खाली दहा पावलांवर सपाटी आहे तिथे. दर मंगळवारी, दहा-दहा मिनिटं. पण त्या सपाटीवर एकट्या काय करत असतील, ते मला कळलं नाही.

दादा : पेट्या आहेत तिथे. एकटी नव्हती. मी असायचो.

मोजणीदार : तुमचा ठिपका नाही त्यात.

दादा : नाही. उभी राहायची, दम खायची, आणि दर वेळी विचारायची, येतोस का रे वरपर्यंत माझ्याबरोबर? मी मान वर न करता म्हणायचो, कामं पडलीत, तूच ये जाऊन.