पाहुण्यापुढं सोडलेला नळ

अन् वरून गाववाले मलाच म्हणून राह्यले, "कचरूमामा, तुम्ही गाव बुडवलं!" घ्या! बुडायला पाणी लागतं का न्हाई? तुम्हाला सांगतो, मी फक्त नळ सोडला. आता तुम्हीच सांगा, पाहुण्यापुढं 'पाणी न्हाई' असं कोण म्हणतंय?

त्याचं असं झालं... माझ्या पोराला, आदिनाथला, घनसावंगीचं स्थळ आल्तं. पोरीचा बाप अप्पाराव. माणूस बरा, पण निरोप काय? 'या हप्त्यात कवाबी येऊ. आधी पाणी बघू, मंग पोरगा!' चुकलं का त्याचं? तिकडं गोदाकाठची पोर, इकडं भोकरदनच्या अंगाला आमचं गाव. नळ आठवड्यातून एकदा येतो, तोबी आधी खोकतो, मंग फुसफुसतो, मंग... जातो! यापायी निम्मे पोरं बिनलग्नाचे. म्हणून आमच्यात रीतच पडली, स्थळ यायचं म्हणलं की स्लॅबवरची टाकी टँकरनं भरून ठेवायची. आमच्या मंडळीनं, गोजरबाईनं, तर अंगणात सडाबी दोनदा टाकल्ता, ओलं दिसावं म्हणून!

अन् आली ना गाडी! चष्म्यावाली बाई उतरली. "काका, मी अर्पिता..." पुढं काही कंपनी-बिंपनी, सर्वे-बिर्वे बोलली, पण मी ऐकतो कुठं? पोरीची मावशी, दुसरं कोण असंल? बसवली, चहा टाकला. अन् बाईनं इचारलं काय? "काका, घरात माणसं किती?" बघा! "पाणी कसं आहे?" बघा, बघा! मी म्हणलो, "भरपूर! हंडा उचलायचं कामच न्हाई!" "आणि लाईट?" "जातच न्हाई!"

...तेवढ्यात पंखा थांबला. मे महिना, घामाच्या धारा. म्हणलो, "मीच बंद करायला लावला, लई गारठा पडतो."

मंग मावशीनं बादली घेतली, घड्याळ लावलं, नळाखाली धरली. म्हणलो, शिकलेले लोक, चौकशीबी पक्की! सोडला नळ... धो धो! बाईनं मोबाईलवर शुटिंगबी घेतली. घेऊ द्या! पाहुण्यापुढं 'पाणी न्हाई' असं कोण म्हणतंय?

दोन दिवसांनी कळलं. गावाबाहेर ती फ्लॅटची कालनी होऊन राह्यली न्हाई का, तिला आमच्याच गावच्या हिरीतून पाणी द्यायचं, तर गावाला पुरंल का, हे बघायला बाई आल्ती! अन् मी एकटा का? शेजारच्या फकरोद्दीनकडंबी गेल्ती ती. त्याच्या जीशानचं जमायचं राह्यलंय, तो काय म्हणला? "पानी? बहुत है बाई, बिलकुल फिकर नको!" घरोघरी लग्नाचं पोर, घरोघरी पाणी भरपूर!

मंग त्या कालनीच्या पाण्याची सुनावणी लागली. पंचायतीपुढं मांडव, मोठा पडदा, अन् पडद्यावर... माझा नळ! एवढं पाणी तर मी पोळ्याला बैल धुतानाबी पाह्यलं न्हाई. उठलो, म्हणलो सांगून टाकू... तर मागच्या खुर्चीत कोण? अप्पाराव! स्थळ बघायला निघाले, गर्दी दिसली, बसले. खरं बोललो तर पोरगा तसाच राहतो, न्हाई बोललो तर गाव तहानेलं मरतं. तेवढ्यात बाजूला बाया दिसल्या, रिकामे हंडे घेऊन आलेल्या, गोजरबाई त्यांच्यात. लाज वाटली हो! ओरडलो, "पाणी न्हाई! ते टँकरचं हाये! गाव तहानेलं हाये!"

बाई बिचारी गोरीमोरी झाली. "काका, पण आता अहवाल गेला. मंजुरीही आली, ही सुनावणी नुसती नावापुरती."

झालं! पाणीबी गेलं, सूनबी गेली. खाली मान घालून निघालो, तर अप्पारावांनी हात धरला. "पावणं, पाणी न्हाई हे मला आधीच माहीत व्हतं. तुम्ही चारचौघात खरं बोलले, पोर तुम्हालाच देतो!" अहो, मला रडूच आलं. मंग हळूच म्हणले, "फक्त एक करा. जावयाला त्या कालनीत फ्लॅट घ्या. तिथं पाणी येणार म्हणे."

आता काय करता? बघून राह्यलो फ्लॅट. ग्यालरीतून आमची कोरडी हीर लई छान दिसती.