माझ्या नावाचा गॅस

मी मूळची सातारकडची, पण ते नावालाच, जन्म मुंबईत काळाचौकीतला नि लग्न होऊन नायगावच्या चाळीत आले ती आजपर्यंत तिथंच. मालक लवकर गेले, चार घरची धुणीभांडी करून दोन पोरी उजवल्या, आणि सैपाक म्हणाल तर सगळा जन्म रॉकेलच्या स्टोव्हवर. रेशनवरचं रॉकेल बंद झालं तरी कुठनं कुठनं आणायची, डोळे चुरचुरायचे, खोकला तर असा की शेजारची कमल भिंत वाजवून विचारायची, अगं आहेस का गेलीस.

तर एक दिवस एक पोरगी आली, गळ्यात कार्ड, हातात मशीन. आजी, सरकार गरीब बायकांना गॅस देतंय, फुकट, आधार दाखवा नि हितं अंगठा ठेवा. काय सांगू तुम्हाला, फुकट म्हटल्यावर मी अंगठा मुठीत लपवला. फुकट कोण कुणाला देतं? मी बोलले, बाई, तू पुढचं दार बघ. अख्ख्या गॅलरीनं अंगठे दिले, मी नाय दिला.

मग काय, सगळ्यांकडं शेगड्या आल्या, कमलकडं पण आली. तवा तोंड पाडून मीच गॅसच्या ऑफिसात गेले. तिथला माणूस कॉम्प्युटरात बघून बोलतो, मावशी, तुमच्या नावावर गॅस आहे की, तीन वर्षं झाली, सिलिंडर पण उचलताय. मी बोलले, मी? माझ्या घरात स्टोव्ह हाय, येऊन बघ. त्यानं लावलेला मोबाईल नंबर वाचला. तो माझ्या धाकट्या दिराचा.

तीन वर्षांमागं हाच आलेला, वहिनी, रेशनकार्डावर अजून दादाचं नाव हाय, ते काढायचंय, आधार द्या, अंगठा द्या. दिला मी. घरच्या माणसावर कोण संशय घेतं? परक्या पोरीला दारातनं हाकलली, आणि ह्याला चहा करून पाजला होता.

नाक्यावर त्याची भज्याची गाडी. कमलला घेतली नि तडक तिथं. कढई तापलेली, गिऱ्हाईक उभं. मी बोलले, भाऊजी, हा घाणा निघू दे, मग सिलिंडर नेते. तो हसला, वहिनी, घरातलंच तर हाय, तुमच्याकडं काय नि माझ्याकडं काय. मी बोलले, मग माझ्याकडंच असू दे. भजी निघाली तशी मीच वाकून कॉक बंद केला. दोघींनी सिलिंडर मधे धरून, दहा ठिकाणी टेकवत घरी आणला. ऑफिसात अर्ज दिला, नंबर बदलून घेतला, नि एक जुनी शेगडी विकत आणली.

आता खोकला कमी हाय. दीर बोलत नाय, नको बोलू दे, त्याचं पण बरं होवो. ती मशीनवाली पोरगी परत दिसली नाय, दिसली तर उगाच हाकलली म्हणून हात जोडीन तिला.

आणि तुम्ही मघापासनं एवढं लिहिताय ना, ते उचलून नेण्याआधी मला वाचून दाखवा. सगळं. राग नका मानू.