पश्चिमेला डोंगर असलेलं शहर

बस रे आलोक, अजून दीड तास आहे तुझ्या विमानाला, बोर्डावर बघूनच आलोय मी — आणि तुझ्या आईला काही बोलू नकोस, तिच्याकडूनच काढून घेतली वेळ. शलाकाचा बाबा भेटायला आला म्हटल्यावर चेहरा असा का पडला तुझा? शाळेत असताना इथं कुवेतला, रुमैथियातल्या आमच्या घरी किती जेवलायस तू, सुनंदाकाकूच्या हातची उसळ तीन-तीनदा मागून घ्यायचास. पत्ता नाही विचारत मी. पत्ता नकोच. नुसतं शहर — एवढ्या मोठ्या शहरात माणूस कुठं सापडतो? सिएटलमध्ये राहतोस, तिच्याशी बोलतोस, माहितीये मला. मी नावं घेतो, तू ऐक. ही वही बघ.

हसू नकोस. अठ्ठावीस वर्षं प्लांटवर प्लॅनिंग केलंय, रकाने पाडल्याशिवाय मला विचारच करता येत नाही. फीनिक्स — तिथं ती नसणार, पण सुरुवात तिथूनच, लग्न होऊन तिथंच तर गेली. वाळवंटात मैलोन् मैल पसरत गेलेलं गाव, गाडी नसेल तर माणूस पांगळा. अगदी आपल्या कुवेतसारखं. मी खूश झालो होतो रे, म्हटलं पोरीला परकं वाटणार नाही! सलीलनं तिला गाडी चालवू दिली नाही, लायसन्स कपाटात कुलपात ठेवलं, हे मला माहीतच नव्हतं — म्हणजे, सांगितलं होतं तिनं. एकदा. मी म्हटलं, नवीन गाव आहे, काळजीपोटी ठेवलं असेल. लास वेगास — तेही त्याच जातीचं, त्याहून झपाट्यानं वाढलेलं, खोडलं मी ते. सॉल्ट लेक — रस्ते इतके रुंद की ओलांडताना दम लागावा, पत्ते आकड्यांत, मधल्या देवळापासून मोजलेले. तुझं सिएटल — दोन्हीकडून पाणी, मध्ये चिंचोळी जमीन, पसरायला जागा नाही म्हणून शहर वर वर चढतं, घरभाडं ऐकूनच चक्कर येते. तिथं एकटी कशी राहील? नाहीच.

आणि डेन्व्हर. हे मी शोधून काढलं होतं बरं का! पळून गेल्यावर वर्षभरानं तिनं सुनंदाला एक फोन केला होता, चार मिनिटांचा. म्हणाली, आई, खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसतात, सूर्य त्यांच्यामागे लवकर बुडतो, आणि विमानतळावरून रेल्वेनं थेट गावात येता येतं. सुनंदानं मला सांगितलं, आनंदानं रडत. मी रकाने तपासले. सॉल्ट लेकलाही तशी रेल्वे आहे, पण तिथले मोठे डोंगर पूर्वेला, सूर्य उगवताना आड येणारे. पश्चिमेला डोंगर, पूर्वेला सपाट माळ — डेन्व्हर! दोन दिवसांत काढलं. अभिमान वाटला रे मला स्वतःचा.

कुणाला सांगितलं? कुणाला सांगणार मी — सलीलला सांगितलं. अरे, रडायचा तो फोनवर! बाबा, मला फक्त माफी मागायचीय, म्हणायचा. जावई रडतोय म्हटल्यावर काय करणार माणूस? तीन आठवड्यांत तिच्या ऑफिसच्या दारात जाऊन उभा राहिला. त्यानंच सांगितलं मला, हसत — बाबा, तुमचं प्लॅनिंग परफेक्ट. ती मागच्या दारानं निघाली, घर, नोकरी, सगळं तिथंच टाकून. त्या दिवसापासून सुनंदा माझ्याशी बोलत नाही. वाढते, कपडे धुते, गोळ्या हातावर ठेवते. शब्द नाही. दोन वर्षं झाली.

इथूनच पाठवलं होतं मी तिला, ह्याच विमानतळावरून. पळून आली होती आमच्याकडे, दंडावर काळेनिळे डाग घेऊन. आठ दिवस राहिली. लोक विचारायला लागले, शलाका एकटीच कशी आली, किती दिवस आहे — आणि मी तिकीट काढलं. म्हटलं, संसारात होतं असं, हळूहळू बसतं सगळं. निघताना वाकून नमस्कार केला नाही, एवढंच आलं माझ्या लक्षात, आणि त्याचाच राग आला मला. मध्ये विमान बदलायचं होतं. पुढच्या विमानात ती चढलीच नाही.

आता महिनाअखेर माझा इकामा, इथं राहायचा परवाना, संपतोय. नाशिकला जातोय आम्ही कायमचे. इथले नंबर बंद होतील आणि तिला पाठ आहेत ते इथलेच. म्हणून हा कागद — सुनंदाचा नवा नंबर आहे, माझा नाही, घाबरू नकोस. तेवढा पोचव. आणि मला फक्त एवढं कळू दे की गाव कसंय. दुकानात चालत जाता येतं का तिला? गाडीवाचून कुणापाशी हात पसरावा लागत नाही ना? ही शेवटची ओळ बघ, पोर्टलंड — गावाभोवती रेघ आखलीय त्यांनी, पलीकडे शेतं, घरं बांधायची नाहीत. म्हणून आत सगळं जवळ जवळ, छोटे छोटे चौक, ट्राम, सायकली, बाईमाणूस आपलं पायी — काय झालं? कप का खाली ठेवलास?

नाही, बोलू नकोस. मानही हलवू नकोस. झालं. कळलं मला — अरे देवा, कळायला नको होतं रे मला! आज शुक्रवार. दर शुक्रवारी फोन येतो सलीलचा. हो, अजून येतो, अजून उचलतो मी! घरात आवाज नसतो रे, दिवसचे दिवस, आणि तो एकटाच मला विचारतो, बाबा, जेवलात का? मग विचारतो, काही कळलं का? आजवर मला कळलेलं नव्हतं म्हणून सोपं होतं. नाही सांगणार. शपथ घेतो, तिची घेतो — तुझा विश्वास बसत नाही ना? बसू देऊच नकोस. असं कर, विमानात बसायच्या आधी तिला फोन कर, इथूनच कर. आईचा नंबर नंतर दे. आधी सांग, बाबांना शहर कळलंय. तेवढंच सांग, ती काय ते करेल, दुसरीकडे जायचं असेल तर जाईल. उठ आता. बॅग घे. पाया कसला पडतोस माझ्या — सोड, सोड. जा म्हणतो ना!